वाचनपद्धती : एकग्रंथवाचन आणि बहुग्रंथवाचन

हाती घेतलेला ग्रंथ संपेपर्यंत दुसऱ्या ग्रंथाकडे न वळण्याच्या पद्धतीस एकग्रंथवाचन, तर एकाच काळात अनेक ग्रंथांचे वाचन चालू ठेवण्याच्या पद्धतीस बहुग्रंथवाचन असे म्हणता येईल. वरवर पाहता हा वाचकाच्या आवडीनिवडीचा व स्वभावाचा प्रश्न वाटतो. तथापि वाचनाचा इतिहास पाहिला असता असे दिसते, की या दोन पद्धतींतील निवड चार गोष्टींवर अवलंबून राहत आली आहे : ग्रंथाचे भौतिक स्वरूप, त्याची उपलब्धता व किंमत, वाचनामागील हेतू आणि ग्रंथाविषयी स्वतंत्र मत बनविण्याची वाचकाला असलेली मुभा. यांतील चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची होय. कारण एक ग्रंथ दुसऱ्याशेजारी ठेवून वाचणे म्हणजे त्याच्या प्रामाण्याची परीक्षा करणे होय.

प्रकार : बहुग्रंथवाचनाचे दोन स्पष्ट प्रकार संभवतात. एका प्रश्नाच्या उत्तरासाठी अनेक ग्रंथ शेजारी ठेवून त्यांतील मजकूर ताडून पाहणे, हे तौलनिक वाचन होय. याउलट सकाळी एक, दुपारी दुसरा व रात्री तिसरा अशा रीतीने परस्परांशी संबंध नसलेले ग्रंथ थोडेथोडे वाचणे, हे आळीपाळीचे वाचन होय. पहिल्यात अवधान एकाच विषयावर स्थिर असते व ग्रंथ तेवढे बदलतात. दुसऱ्यात विषय आणि ग्रंथ दोन्ही बदलतात. एकग्रंथवाचनाचेही दोन प्रकार आहेत : ग्रंथ आरंभापासून शेवटपर्यंत एकदाच वाचून बाजूस ठेवणे आणि त्याच ग्रंथाची आयुष्यभर आवर्तने करणे. या चार प्रकारांतील भेद लक्षात न घेतल्यामुळे या विषयावरील चर्चेत पुष्कळदा घोटाळा झालेला आढळतो.

प्राचीन ग्रीक-रोमन काळ : प्राचीन ग्रीस व रोम येथील ग्रंथ पपायरसच्या गुंडाळ्यांच्या स्वरूपात असत. गुंडाळी वाचताना एका हाताने ती उलगडावी व दुसऱ्या हाताने गुंडाळावी लागे. दोन्ही हात गुंतलेले असल्याने दुसरी गुंडाळी शेजारी उघडी ठेवून पाहणे किंवा वाचता वाचता टिपण करणे कष्टाचे होते. अशा स्थितीतही बहुग्रंथवाचन रूढ होते. थोरला प्लिनी (इ. स. सु. २३–७९) याने आपल्या निसर्गेतिहास या ग्रंथाच्या प्रस्तावनेत सुमारे २,००० ग्रंथांतून माहिती घेतल्याचे नमूद केले आहे. त्याच्या भाच्याने लिहिलेल्या पत्रावरून असे दिसते, की प्लिनी जेवताना व प्रवासातही सेवकाकडून ग्रंथ वाचवून घेई आणि टिपणे करवून घेई. त्याच्या मागे टिपणांची १६० पुस्तके राहिली. गुंडाळीची अडचण त्याने वाचकसेवक व लेखनिक यांच्या साहाय्याने दूर केली. अर्थात ही सोय धनिकांनाच शक्य होती.

या प्रवृत्तीविरुद्धचा इशाराही त्याच काळातला आहे. सेनिका (सु. इ. स. पू. ४–इ. स. ६५) याने ल्यूसिलिअस यास लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात अनेक लेखकांमध्ये भटकणाऱ्या मनाला अस्थिर म्हटले असून, थोड्या पण कसोटीस उतरलेल्या लेखकांच्या सहवासात राहण्याचा सल्ला दिला आहे. मात्र चौऱ्याऐंशीव्या पत्रात तोच सेनिका मधमाशीचा दृष्टांत देऊन अनेक ग्रंथांतून रस गोळा करावा व त्याचे स्वतःचे असे एक द्रव्य बनवावे, असे सांगतो. ही विसंगती वरवरची आहे. ग्रंथांची संख्या नव्हे, तर न पचलेले वाचन हा त्याच्या टीकेचा विषय होता.

मठांतील वाचन : इ. स. दुसऱ्या ते चौथ्या शतकांत गुंडाळीची जागा क्रमाने बांधीव पुस्तकाने घेतली. पाने उलटणे, खूण ठेवणे, दोन पुस्तके शेजारी उघडी ठेवणे आता शक्य झाले. तिसऱ्या शतकात ऑरिजेन याने जुन्या कराराचा हिब्रू पाठ व त्याची ग्रीक भाषांतरे सहा स्तंभांत शेजारी शेजारी मांडून तौलनिक वाचनाचे एक मोठे साधन निर्माण केले. तरीही पुढील कित्येक शतके ख्रिस्ती मठांत एकग्रंथवाचनाचा नियम प्रभावी राहिला. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीच्या अठ्ठेचाळिसाव्या प्रकरणानुसार उपवासकाळाच्या आरंभी प्रत्येक भिक्षूला ग्रंथालयातून एक पुस्तक मिळे आणि त्याने ते क्रमाने, काहीही न गाळता वाचावयाचे असे. वाचनाच्या वेळात कोणी आळस तर करीत नाही ना, हे पाहण्यासाठी एकदोन वडीलधारे भिक्षू मठात फेरी मारीत. कँटरबरीचा आर्चबिशप लँफ्रँक याने अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार केलेल्या नियमांत या वाटपाचा तपशील आढळतो. मठातील सर्व पुस्तके एका गालिच्यावर मांडली जात. गतवर्षी कोणाला कोणते पुस्तक दिले होते याची यादी वाचली जाई आणि ज्याने आपले पुस्तक पुरे केले नसेल, तो साष्टांग पडून अपराधाची क्षमा मागे. वर्षाला एक ग्रंथ हे प्रमाण अल्प दिसते. परंतु हे वाचन हलक्या आवाजात, शब्द घोळवीत, मनन व प्रार्थना करीत चालत असे.

बाराव्या शतकात विद्यापीठांच्या उदयाबरोबर वाचनाचा हेतू बदलला. पीटर ॲबेलार्ड (१०७९–११४२) याने होय आणि नाही या अर्थाच्या शीर्षकाच्या ग्रंथात १५८ प्रश्नांवरील धर्माचार्यांची परस्परविरोधी वचने समोरासमोर ठेवली. एकेक आचार्य स्वतंत्रपणे वाचणाऱ्याला जो विरोध जाणवला नसता, तो त्यांना एकत्र वाचणाऱ्याला टाळता येणे अशक्य झाले. संशयातून जिज्ञासा व जिज्ञासेतून सत्य, अशी त्याची भूमिका होती. तेराव्या शतकात पॅरिसच्या डॉमिनिकन भिक्षूंनी बायबलची शब्दसूची सिद्ध केली. प्रकरणे, शीर्षके व वर्णानुक्रमी सूची ही साधने याच काळात स्थिर झाली. ग्रंथ संपूर्ण न वाचता हवा तो भाग शोधून वाचता येऊ लागला आणि बहुग्रंथवाचन ही अभ्यासाची मान्य रीत बनली.

मुद्रणानंतरचा काळ : पंधराव्या शतकाच्या मध्यास यूरोपात मुद्रण सुरू झाल्यावर ग्रंथांची संख्या झपाट्याने वाढली. कोनराड गेस्नर (१५१६–६५) याला १५४५ मध्ये लॅटिन, ग्रीक व हिब्रू ग्रंथांची विस्तृत सूची प्रसिद्ध करावी लागली, यावरूनच या वाढीची कल्पना येते. इटालियन अभियंता आगोस्तीनो रामेल्ली याने १५८८ मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध केलेल्या यंत्रविषयक ग्रंथात एका फिरत्या ग्रंथचक्राची आकृती दिली आहे. पाणचक्कीसारख्या या चक्रावर उतरत्या फळ्यांवर अनेक ग्रंथ उघडे ठेवलेले असून, वाचक जागेवरून न उठता हवा तो ग्रंथ समोर आणू शकतो. चक्र फिरताना फळ्यांचा कल बदलू नये म्हणून दंतचक्रांची योजना केली आहे. संधिवाताने पीडलेल्या अभ्यासकांना हे यंत्र विशेष उपयोगी पडेल, असे रामेल्लीचे म्हणणे होते.

यंत्रापेक्षाही अधिक प्रचार झाला तो टिपणवहीचा. इरॅस्मस (सु. १४६६–१५३६) याने विद्यार्थ्यांना विषयवार शीर्षके आखून वाचलेली वचने त्यांखाली नोंदविण्याचा उपदेश केला. जॉन लॉक (१६३२–१७०४) याने अशा वहीची सूची कशी करावी, याची स्वतःची पद्धत १६८६ मध्ये प्रसिद्ध केली. अनेक ग्रंथांतून वेचलेले उतारे अशा वहीत एका विषयाखाली एकत्र येत. आळीपाळीच्या वाचनाला तौलनिक वाचनाचे रूप देणारे हे साधन होते. याहून निराळा वाचक म्हणजे माँतेन (१५३३–९२). एक पुस्तक कंटाळवाणे झाले की आपण दुसरे घेतो, असे तो मोकळेपणाने सांगतो. मात्र वाचलेले विसरण्याच्या आपल्या खोडीवर उपाय म्हणून तो प्रत्येक ग्रंथाच्या शेवटी वाचन पुरे केल्याची तारीख व ग्रंथाविषयीचे आपले मत लिहून ठेवी.

भारतीय परंपरा : भारतात वेदाध्ययनाची परंपरा मौखिक होती व स्वशाखेचे अध्ययन हे प्रथम कर्तव्य मानले जाई. पोथी ही सुट्या पानांची, दोन फळ्यांमध्ये ठेवून बासनात गुंडाळलेली असे. ती चौरंगावर वा पाटावर ठेवून, वाचलेले पान बाजूस सारीत वाचावी लागे. एका वेळी एकच पोथी सोडावी व संपल्यावर नीट बांधून ठेवावी, ही शिस्त तिच्या रचनेतूनच येई. पाने मिसळली, तर ग्रंथ निकामी होण्याचे भय होते. महाराष्ट्रातील पारायणाची प्रथा हे एकग्रंथवाचनाचे परिपूर्ण उदाहरण होय. ज्ञानेश्वरी किंवा गुरुचरित्र यांचा सप्ताह ठरलेल्या दिवशी आरंभावयाचा, रोजचे अध्याय नेमाने वाचावयाचे, मध्ये खंड पडू द्यावयाचा नाही व समाप्तीनंतर उद्यापन करावयाचे, असा हा क्रम आहे. चातुर्मासात पुराणिकाने एक पुराण सांगावे व गावाने ते ऐकावे, ही रीतही याच प्रकारची. येथे ग्रंथ नवी माहिती मिळविण्यासाठी वाचला जात नाही. बहुतेक श्रोत्यांना तो परिचित असतो. पुनरावृत्ती हेच या वाचनाचे प्रयोजन होय.

याच भूमीत तौलनिक वाचनाचीही समृद्ध परंपरा आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात रचलेला चतुर्वर्गचिंतामणि आणि मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील कमलाकरभट्ट याने काशी येथे १६१२ मध्ये पूर्ण केलेला निर्णयसिंधु हे निबंधग्रंथ अनेक स्मृती, पुराणे व पूर्वनिबंध एकत्र वाचल्यावाचून सिद्ध होणे शक्य नव्हते. स्मृतिवचनांत विरोध आल्यास निर्णय कसा करावा, हाच अशा ग्रंथांचा विषय होय. मोगल दरबारातील रीत आणखी निराळी होती. अकबराला ग्रंथ रोज वाचून दाखविले जात. वाचक जेथे थांबे तेथे तो आपल्या लेखणीने खूण करी आणि वाचलेल्या पानांच्या प्रमाणात वाचकाला पारितोषिक देई, असे अबुल फज्लने आईन-इ-अकबरीत नमूद केले आहे.

एकग्रंथवाचन व बहुग्रंथवाचन हे परस्परविरोधी नसून परस्परपूरक कसे आहेत, याचे बोलके उदाहरण ज्ञानेश्वरीच्याच इतिहासात मिळते. इ. स. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या या ग्रंथाच्या प्रतींत पुढे पाठभेद व अशुद्धे शिरली. संत एकनाथांनी (सु. १५३३–९९) शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये त्याची शुद्ध प्रत तयार केली. पारायण करणारा ज्या एका ग्रंथावर निःशंकपणे चित्त एकाग्र करतो, त्या ग्रंथाच्या शुद्धतेमागे प्रतींतील पाठभेद पारखणाऱ्या वाचकाचे परिश्रम उभे असतात. आधुनिक काळात पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या निमित्ताने हेच कार्य प्रचंड प्रमाणावर केले. १९१९ मध्ये आरंभिलेल्या आणि १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या या आवृत्तीसाठी एकूण १,२५९ हस्तलिखितांचा उपयोग करण्यात आला. एकेक श्लोक घेऊन निरनिराळ्या लिप्यांतील प्रतींमधील त्याचे पाठभेद संकलनपत्रांवर टिपले जात. विष्णु सीताराम सुखटणकर (१८८७–१९४३) यांनी या कामाची शास्त्रीय पद्धती घालून दिली.

वाचनक्रांतीचा सिद्धांत : जर्मन इतिहासकार रोल्फ एंगेल्सिंग यांनी १९६९ ते १९७४ या काळातील आपल्या लेखनातून असे प्रतिपादन केले, की अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात यूरोपात वाचनाची क्रांती झाली. त्यापूर्वी सामान्य वाचक बायबल, प्रार्थनापुस्तक, पंचांग अशी मोजकीच पुस्तके पुनःपुन्हा वाची. यास त्यांनी सघन वाचन म्हटले. त्यानंतर कादंबऱ्या व नियतकालिके यांच्या प्रसारामुळे तो पुष्कळ पुस्तके एकेकदा वाचू लागला. हे विस्तृत वाचन होय. या सिद्धांतावर रॉबर्ट डार्न्टन प्रभृतींनी आक्षेप घेतले. रूसोची झ्यूली (१७६१) व गटेची वेर्थर (१७७४) या कादंबऱ्या त्यांच्या वाचकांनी भक्तिग्रंथांप्रमाणे तल्लीन होऊन पुनःपुन्हा वाचल्या. उलटपक्षी, प्रबोधनकालीन विद्वान या कथित क्रांतीच्या दोन शतके आधीच अनेक ग्रंथ चाळीत होते. म्हणजे जुनी पद्धत जाऊन नवी आली असे न घडता, दोन्ही पद्धती एकत्र नांदत राहिल्या व एकच वाचक हेतूनुसार कधी ही तर कधी ती स्वीकारीत राहिला. मात्र ग्रंथांच्या दुर्मिळतेमुळे लादले गेलेले एकग्रंथवाचन आणि स्वेच्छेने पत्करलेले एकग्रंथवाचन यांतील फरक या काळापासून स्पष्ट झाला, हे मान्य करावे लागते.

ग्रंथालये व नियतकालिके : एकोणिसाव्या शतकात वाचकाने एका वेळी किती पुस्तके जवळ बाळगावीत, हे पुष्कळ अंशी वर्गणीवर ठरू लागले. लंडनमध्ये चार्ल्स एडवर्ड म्यूडी याने १८४२ मध्ये काढलेल्या फिरत्या ग्रंथालयात वर्षाला एक गिनी भरणाऱ्यास एका वेळी एकच खंड मिळे. कादंबऱ्या त्या वेळी तीन खंडांत निघत व त्यांची किंमत साडेएकतीस शिलिंग असे. त्यामुळे बहुतेकांना त्या विकत घेणे परवडत नसे आणि पहिला खंड परत केल्यावाचून दुसरा हाती येत नसे. ग्रंथालयांनी खरेदीच्या अटी बदलल्यावर १८९४ नंतर ही त्रिखंडी पद्धत झपाट्याने लोप पावली. महाराष्ट्रातही रत्नागिरी (१८२८), अहमदनगर (१८३८), नाशिक (१८४०) व पुणे (१८४८) येथे सार्वजनिक ग्रंथालये स्थापन झाली. वर्गणीच्या वर्गानुसार एका वेळी द्यावयाच्या पुस्तकांची संख्या ठरविण्याची पद्धत येथील ग्रंथालयांतही रूढ झाली. त्यामुळे एक पुस्तक घरातील अनेकांनी मुदतीच्या आत आळीपाळीने वाचून काढणे, हा मध्यमवर्गीय कुटुंबांचा परिपाठ बनला.

नियतकालिकांनी याच्या उलट सवय लावली. चार्ल्स डिकिन्झच्या पिक्‌विक पेपर्सचे मासिक भाग १८३६-३७ मध्ये निघाले आणि क्रमशः कादंबरीचा प्रसार झाला. मराठीत रा. भि. गुंजीकरांची मोचनगड ही कादंबरी विविधज्ञानविस्तार या मासिकातून क्रमशः आली, तर हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांची पण लक्ष्यात कोण घेतो? ही कादंबरी १८९० पासून करमणूक या साप्ताहिकातून प्रसिद्ध झाली. आठवडाभर कथा मनात वागवावयाची, मधल्या काळात इतर मजकूर वाचावयाचा व पुढील अंक येताच तुटलेला धागा पुन्हा जोडावयाचा, हे आळीपाळीचे वाचन मराठी वाचकाच्या अंगवळणी पडले. पुढे १९०९ मध्ये मासिक मनोरंजनाने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली व कथा, कविता, लेख यांचे सहवाचन हा सणाचाच भाग झाला.

या इतिहासाची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. ज्यांना लेखनवाचनाचा अधिकारच नाकारला गेला होता, त्या स्त्रिया व शूद्रातिशूद्र यांच्यापुढे एक ग्रंथ की अनेक, हा प्रश्न दीर्घकाळ उद्‌भवलाच नाही. त्यांच्या वाट्यास येई ते दुसऱ्याने वाचलेल्या एका ग्रंथाचे श्रवण. म्हणून शिक्षणप्रसारानंतर त्यांनी केलेले तौलनिक वाचन विशेष अर्थपूर्ण ठरते. ताराबाई शिंदे यांनी स्त्रीपुरुषतुलना (१८८२) या निबंधात पुराणकथा आणि समकालीन कथा-नाटके एकाच मापाने मोजून, स्त्रीवर लादलेल्या दोषांची झडती घेतली. दोन ग्रंथ शेजारी ठेवणाऱ्या वाचकाला प्रामाण्याविषयी प्रश्न विचारता येतो; एकाच ग्रंथावर ज्याला अडवून ठेवले आहे, त्याला तो विचारणे कठीण जाते.

मानसशास्त्रीय विचार : हेरमान एबिंगहाउस याने १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्मृतिविषयक प्रयोगांवरून असे दिसले, की सलग पाठांतरापेक्षा मध्ये अंतर ठेवून केलेले पाठांतर अधिक टिकते. एन. कॉर्नेल व आर. ए. ब्यॉर्क यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत निरनिराळ्या चित्रकारांची चित्रे मिसळून पाहणाऱ्यांना, एकेका चित्रकाराची चित्रे सलग पाहणाऱ्यांपेक्षा, त्यांच्या शैली अधिक अचूक ओळखता आल्या. सहभागी व्यक्तींपैकी बहुतेकांचा समज मात्र याच्या नेमका उलट होता. दुसऱ्या बाजूस, सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये असे दाखविले, की एक काम अपुरे सोडून दुसऱ्याकडे वळताना अवधानाचा काही अंश पहिल्यातच गुंतून राहतो. हे प्रयोग ग्रंथवाचनावरील नसल्याने ते वाचनास जपूनच लागू केले पाहिजेत. तथापि तुलना करण्यासाठी बदल उपकारक व एका दीर्घ युक्तिवादाचे वा कथेचे आकलन होण्यासाठी सलगता आवश्यक, हा अभ्यासकांचा जुना अनुभव त्यांच्याशी जुळणारा आहे.

समालोचन : इलेक्ट्रॉनिक साधनांमुळे एकविसाव्या शतकात शेकडो ग्रंथ एका हातात मावू लागले आणि रामेल्लीच्या चक्राची कल्पना त्याच्या अपेक्षेपलीकडे साकार झाली. दुर्मिळतेने घातलेले बंधन पुष्कळांच्या बाबतीत संपल्याने एकाग्रतेची शिस्त आता वाचकाने स्वतःच स्वतःला लावावी लागते. बेनेडिक्टच्या मठातील फेरी मारणारे वडीलधारे आज त्याच्याभोवती नाहीत. काव्य, कादंबरी, तत्त्वज्ञान यांसारखे, ज्यांचा परिणाम क्रमावर अवलंबून असतो असे ग्रंथ एकेक वाचावेत आणि इतिहास, कायदा, धर्मशास्त्र, वृत्तांत यांसारख्या वादक्षम विषयांत एका ग्रंथावर विसंबू नये, असे स्थूल मार्गदर्शन या इतिहासातून मिळते. एकग्रंथवाचनाने ग्रंथाचे अंतरंग कळते आणि बहुग्रंथवाचनाने त्याच्या मर्यादा कळतात. यांपैकी कोणत्याही एकाचा अभाव वाचकाला श्रद्धाळू तरी बनवितो किंवा उथळ तरी.